रक्ताच्या थेंबात मुलाची बुद्धी दिसते का?



गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी तिघा-चौघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. रक्त तपासून किशोरवयीन मुलाची शिकण्याची क्षमता कळते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. एका मंडळीने तर कळवले, "धानोऱ्यातील आपल्या मुलांची अशी तपासणी करून घ्या, खर्च आम्ही उचलू." या देण्यामागचे प्रेम मी ओळखते. म्हणूनच हो किंवा नाही एवढेच न कळवता या अंकात सविस्तर लिहीत आहे. आपल्या दानातील रुपया कोणत्या तपासणीवर खर्च व्हावा आणि कोणत्या तपासणीवर होऊ नये, हे आपल्यालाही ठाऊक असावे.

उत्तर थोडक्यात असे. मुलाची बुद्धी किती आहे हे सांगणारी रक्ततपासणी आज जगात कुठेही नाही. पण मुलाच्या शिकण्याच्या वाटेत काय आडवे पडले आहे हे दाखवणाऱ्या काही तपासण्या आहेत. त्यांतील महत्त्वाच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात आणि सापडलेल्या अडथळ्यावर बहुतेक वेळा उपाय असतो. मी डॉक्टर नाही, गावोगाव फिरणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे खाली लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी आहे. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचे.

बुद्धीचा आकडा का मिळत नाही

शास्त्रज्ञ रक्तात असे खुणेचे रेणू शोधत आहेत, हे खरे आहे. त्यांतील एकाचे नाव बीडीएनएफ. मेंदूतील पेशी वाढाव्यात आणि त्यांचे एकमेकींशी जोड पक्के व्हावेत, यासाठी हे प्रथिन लागते. शिकणे आणि लक्षात ठेवणे याच जोडांवर अवलंबून असते. मग रक्तातील बीडीएनएफ मोजले की काम झाले, असे वाटेल. पण रक्तातील बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट नावाच्या पेशींत साठलेले असते. मूल नुकतेच धावून आले असेल तर आकडा बदलतो. रक्त काढल्यावर नमुना किती वेळ ठेवला, यानेही बदलतो. शेकडो मुलांच्या गटांची तुलना करताना संशोधकाला त्याचा उपयोग होतो, पण एका मुलाच्या हातात तो आकडा ठेवून त्याच्याविषयी काही सांगता येत नाही.

दुसरी वाट जनुकांची. २०२२ मध्ये सुमारे ३० लाख लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस किती वर्षे शिकला याचा त्याच्या जनुकांशी किती संबंध आहे, हे त्यात पाहिले होते. जनुकांवरून काढलेल्या गुणांनी माणसामाणसांतील फरकापैकी १२ ते १६ टक्के भागाचा उलगडा झाला. त्यातही घरचे वातावरण आणि आईवडिलांचे शिक्षण यांचा परिणाम मिसळलेला आहे. शिवाय ही सगळी माणसे युरोपीय वंशाची होती. इतर वंशांच्या लोकांना तेच गणित लावले की ते फारच तोकडे पडते. आपल्या गोंड किंवा माडिया मुलांसाठी असा आकडा म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन शिवलेला सदरा.

मला यात आणखी एक भीती वाटते. आमच्या मुलांना शिक्के आधीच पुष्कळ बसलेले आहेत. "जंगलातली मुले, यांचे डोके चालत नाही," हे वाक्य मी एका शाळेच्या व्हरांड्यात, मुले ऐकत असताना, माझ्या कानांनी ऐकले आहे. उद्या कोणी त्याच शिक्क्यावर प्रयोगशाळेचा कागद चिकटवला तर तो पुसायला एक पिढी जाईल. म्हणून रक्ताला विचारायचा प्रश्न बदलायला हवा. मूल किती हुशार आहे हे रक्ताला विचारू नये. त्याला शिकताना काय नडते आहे, हे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाला रक्त बऱ्यापैकी उत्तर देते.

पहिला अडथळा: लोह

लोह म्हणजे रक्त लाल करणारे द्रव्य, एवढे आपण जाणतो. पण मेंदूलाही लोह लागते. मज्जातंतूंवरचे आवरण तयार व्हायला, मेंदूच्या पेशींना ऊर्जा मिळायला आणि डोपामिनसारखी निरोप पोहोचवणारी रसायने बनायला लोह हवे. शरीरात लोहाचा तुटवडा पडला की उरलेले लोह आधी रक्तपेशींकडे वळवले जाते. घरात धान्य कमी पडले की आधी कमावत्याच्या ताटात वाढतात, तसेच काहीसे. त्यामुळे हिमोग्लोबिन अजून ठीक दिसत असताना मेंदूला लोह कमी पडू लागलेले असू शकते.

याचा एक जुना दाखला अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील आहे. तेथील माध्यमिक शाळांतील काही मुलींना रक्तक्षय नव्हता, पण शरीरातील लोहाचा साठा आटलेला होता. त्यांतील निम्म्या मुलींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. १९९६ मध्ये याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लोह मिळालेल्या मुलींना शब्द शिकणे आणि आठवणे या चाचणीत अधिक गुण मिळाले. मुलींची बुद्धी कोणी बदलली नव्हती. फक्त अडलेली वाट मोकळी झाली होती.

हा साठा मोजणाऱ्या तपासणीला फेरिटिन म्हणतात. हिमोग्लोबिन म्हणजे आज हातात खेळणारा पैसा आणि फेरिटिन म्हणजे बँकेतील शिल्लक, असे मी बचत गटाच्या बैठकीत समजावते. मग बायका लगेच म्हणतात, "म्हणजे खिशात पैसे दिसले तरी खाते रिकामे असू शकते." अगदी बरोबर.

नगरची बाजरी आणि बारा ते सोळा वर्षांची मुले

आपल्याच महाराष्ट्रात याविषयी एक मोलाचा अभ्यास झाला आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना बाजरीची भाकरी आणि शेव रोज दोन वेळा, सहा महिने दिली. निम्म्या मुलांची बाजरी नेहमीची होती. बाकीच्यांची बाजरी निवड पद्धतीने तयार केलेल्या, दाण्यात जास्त लोह असलेल्या वाणाची होती. हे वाण शेतकऱ्यांना 'धनशक्ती' या नावाने ठाऊक आहे. कोणाच्या ताटात कोणती बाजरी जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. सुरुवातीला रक्त तपासले तेव्हा दहापैकी सुमारे चार मुलांचा लोहाचा साठा कमी होता. जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांचा साठा चार महिन्यांतच दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारला. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा भाग आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. यांपैकी १४० मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि आठवणीच्या चाचण्या संगणकावर घेतल्या होत्या. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायचे, आधी पाहिलेले चित्र ओळखायचे, अशा त्या साध्या चाचण्या. सहा महिन्यांनी दोन्ही गट सरावाने सुधारले. पण जास्त लोहाची बाजरी खाल्लेल्या मुलांचा प्रतिसादाचा वेळ लक्ष देण्याच्या काही चाचण्यांत जवळपास दुप्पट प्रमाणात कमी झाला, आणि आठवणीच्या काही चाचण्यांतही ती मुले पुढे गेली. २०१८ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला.

आपल्याकडे बाजरी पिकत नाही, भात पिकतो. म्हणून धानोऱ्यात बाजरी आणा, असे मी म्हणत नाही. मला या अभ्यासातून एवढेच दाखवायचे आहे की महाराष्ट्रातील खेड्यातील किशोरवयीन मुलांचे लक्ष आणि स्मरण रोजच्या जेवणातील लोह वाढल्याने सुधारले. तेही इंजेक्शनाने किंवा महागड्या टॉनिकने नव्हे, तर भाकरीने. पांढरा भात आणि पातळ वरण यांवर राहणाऱ्या वसतिगृहातील मुलासाठी याचा अर्थ उघड आहे.

आकडा वाचताना सावध

तपासणीचा कागद हातात आला की आपण आकड्यावर बोट ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींचे आणि त्यापुढे मुलींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. १५ वर्षांपुढील मुलांसाठी ही मर्यादा १३ आहे. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आल्याचे मानतात.

पण धानोऱ्यासारख्या भागात एक मेख आहे. अंगात ताप, मलेरिया किंवा कोणताही संसर्ग असेल तर फेरिटिन आपोआप वाढते. साठा रिकामा असूनही कागदावर आकडा चांगला दिसतो. म्हणून संसर्ग असलेल्यांसाठी याच संघटनेने ही मर्यादा ७० पर्यंत वर नेली आहे आणि फेरिटिनसोबत संसर्ग दाखवणारी तपासणीही करावी, असे सांगितले आहे. पावसाळ्यानंतर आमच्याकडे घरोघरी तापाचे रुग्ण असतात. त्या दिवसांत शिबिर भरवून शंभर मुलांचे फेरिटिन काढले तर पैसे जातील आणि हाती चुकीचे समाधान येईल. शिवाय मलेरिया स्वतःच लाल पेशी फोडतो. अशा मुलासाठी मच्छरदाणी आणि वेळेवर घेतलेले औषध हीसुद्धा अभ्यासाचीच मदत आहे.

दुसरा अडथळा: सिकलसेल

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात रक्ताविषयी बोलताना सिकलसेल टाळून चालत नाही. लाल पेशी एरवी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातापायांत, पोटात असह्य कळा येतात. रक्त कमी होते. काही मुलांच्या मेंदूलाही रक्त कमी पडते आणि बाहेरून काही न दिसता लहानशा इजा होतात. अशा मुलाचे लक्ष टिकत नाही आणि काम मंदावते. याखेरीज दुखण्यामुळे शाळा बुडते ती वेगळीच. महिन्यातून आठ दिवस अंथरुणात असलेल्या मुलाला त्रैराशिक येत नसेल, तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर मूल 'वाहक' असते. ते सहसा आजारी नसते आणि त्याच्या अभ्यासावरही परिणाम होत नाही. उलट वाहकाला लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. हा कोणाच्या पापाचा किंवा जातीचा कलंक नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. तपासणीचा खरा उपयोग ही माहिती वेळेवर मिळण्यात आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक तपासणी बोटातील थेंबभर रक्तावर होते. ती संशयित आली तर पक्की तपासणी करावीच लागते. पहिल्याच कागदावरून कोणाला रुग्ण ठरवू नये. आजार पक्का झाला तर हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळतात आणि कळांचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून ठेवावे. परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागताना ते लागते. अशा मुलाला लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावी. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात आधीच लोह जास्त झालेले असू शकते.

ब-१२ आणि आयोडीन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरते स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडली, असे त्यांना आढळले. म्हणजे आजची किशोरवयीन मुलगी काय खाते, याचा परिणाम तिच्या पुढच्या पिढीच्या पाटीवरही दिसू शकतो. ब-१२ प्राणिज अन्नातून मिळते: दूध, अंडी, मासे, मांस. आमच्या लोकांच्या जेवणात नदीतली मासळी आणि सुकट पूर्वीपासून आहे. ती कमी प्रतीची नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते.

आयोडीन कमी पडले तर थायरॉईडचे काम मंदावते आणि मूल सुस्त होते. येथे प्रत्येकाचे रक्त काढण्याची गरज नाही. बाजारच्या दिवशी सुटे खडेमीठ न घेता आयोडीनयुक्त मीठ घ्यावे आणि ते झाकून ठेवावे, एवढे पुष्कळदा पुरते. मानेवर गाठ दिसली किंवा मूल फारच मंदावले तर मात्र दवाखान्यात न्यावे.

जे रक्तात दिसत नाही

सगळी तपासणी चांगली आली आणि तरीही मूल मागे असेल तर? आमच्याकडे हे नेहमी घडते. मूल घरी गोंडी बोलते आणि शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी ऐकते. शिक्षकांचा प्रश्नच कळला नाही तर उत्तर कसे येणार? धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच जाणिवेतून. चष्म्याची गरज असणारे, रात्री झोप न मिळणारे, तेंदूपानाच्या हंगामात आईवडिलांबरोबर जंगलात जाणारे, घरची दारू आणि मार पाहून आलेले, अशी कितीतरी मुले आहेत. त्यांची अडचण कोणत्याही नळीत सापडत नाही. ती कळायला शेजारी बसून विचारपूस करणारे माणूस लागते.

आठवीतील एक मुलगी आमच्या अभ्यासिकेत फळ्याकडे पाहून नुसती गप्प बसायची. तिचे हिमोग्लोबिन कमी निघाले, उपचार झाले, चेहऱ्यावर तरतरी आली. पण ती बोलू लागली ती गोंडी जाणणारी ताई गणित शिकवायला आल्यावर. तिला दोन्ही गोष्टींची गरज होती.

आपण काय करू शकतो

आपण विचारलेल्या मदतीसाठी माझी विनंती अशी आहे.

१. बुद्धी मोजण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कोणत्याही रक्त किंवा जनुक तपासणीसाठी दान देऊ नका. कोणी अशी जाहिरात पाठवली तर आधी डॉक्टरांना दाखवा.

२. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मोफत मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. वर्षातून दोनदा जंताची गोळीही मिळते. मुले गोळी खिशात ठेवतात किंवा फेकतात, कारण मळमळते आणि शौच काळे होते. काळे शौच घाबरण्यासारखे नाही. गोळी जेवणानंतर द्यावी, तिच्यासोबत चहा देऊ नये. ती समोर उभे राहून गिळायला लावणाऱ्या स्वयंसेवकाचा प्रवासखर्च आपण देऊ शकता.

३. वसतिगृहाच्या ताटासाठी द्या. अंडी, सुकट, चणे, शेवग्याची पाने, तरोट्याची भाजी, वर लिंबाची फोड. लिंबामुळे भाजीतील लोह अंगी लागते.

४. ज्या मुलाचे हिमोग्लोबिन उपचारानंतरही वाढत नाही, त्याच्या पुढील तपासणीसाठी आणि गडचिरोलीला नेण्या-आणण्यासाठी मदत करा. फेरिटिनवरचा पैसा अशा निवडक मुलांसाठी राखावा.

५. कोणत्याही मुलाचे रक्त घेण्यापूर्वी पालकांची संमती घेतली जाईल आणि मुलालाही त्याच्या भाषेत समजावून विचारले जाईल. अहवाल फक्त त्या घरालाच कळेल. सिकलसेलचा अहवाल गावात फुटला की मुलीचे लग्न अडते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून देणगीदारांना आम्ही मुलांची नावे किंवा आकडे पाठवत नाही. याचा कृपया राग मानू नये.

६. मंडळीत कोणी गोंडी जाणणारे तरुण असतील, तर सुट्टीत दोन आठवडे अभ्यासिकेसाठी द्यावेत. या मदतीला पैसा लागत नाही आणि तिची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही.

प्रार्थनेत आठवण करताना मुलांना बुद्धी मिळावी, अशी प्रार्थना आपण करता. ती जरूर करा. माझी श्रद्धा अशी की देवाने ती त्यांना दिलेलीच आहे. लोह, औषध, मच्छरदाणी, पोटभर सकस जेवण आणि आपल्या भाषेत बोलणारा शिक्षक एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे. या तिमाहीत आपल्या मंडळीला यांपैकी काय जमेल, ते आम्हाला कळवावे.